नऊ साखळ्या, पाच मीटर

१

हे कुणाला सांगायचं नाही असं बाबांनी मला दोनदा बजावलंय. पहिल्यांदा पोलीस चौकीच्या पायऱ्यांवर, माझा दंड दुखेपर्यंत दाबून. दुसऱ्यांदा काल, घराच्या माळ्यावर, आणि तेव्हा त्यांचा आवाज असा होता की मला त्यांच्याकडे बघवेना. मी तशीही फार बोलत नाही. वर्गात 'हजर' म्हणतानासुद्धा माझा आवाज निम्म्या वाटेत बसतो. त्यामुळे गप्प राहणं मला अवघड जायला नको होतं. पण गेले चार दिवस मला जेवण जात नाही, म्हणून लिहितेय.

बाबा जमिनी आणि इमारती मोजून देतात. भावाभावांत वाटणी निघाली, शेजाऱ्यांची भिंतीवरून जुंपली, की लोक बाबांना बोलावतात. कुणाचं डोकं फुटलं, कुणी कुणावर कुऱ्हाड उगारली, हे आमच्याकडे जेवताना ऐकायला मिळतं, जसे बाकीच्या घरांत भाजीचे भाव.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. काका-काकू खालच्या मजल्यावर राहतात, आम्ही वर. कामावर काका 'पुढचे'. पुढचा म्हणजे साखळीचं पुढचं टोक धरून चालणारा. बाबा आजही वीस मीटरची लोखंडी साखळीच वापरतात. फीत ताणली की लांबते, साखळी खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. साखळीच्या दोन्ही टोकांना पितळी मुठी असतात. पुढच्याकडे हातभर लांबीच्या दहा सळ्या, प्रत्येकीच्या कडीत लाल चिंधी बांधलेली. तो साखळी ताणतो, तिचं टोक जिथं येईल तिथं सळई ठेवतो आणि ओरडतो, "ठेवली!" हे ऐकू येईपर्यंत मागच्यानं आपली मूठ खुणेवर घट्ट धरायची. ऐकलं की मूठ सोडायची, पायाजवळची सळई उचलायची, "उचलली!" म्हणायचं आणि चालायला लागायचं. साखळी पुढचा ओढत नेतो. शेवटी मागच्याच्या हातात जितक्या सळ्या, तितक्या साखळ्या अंतर.

पुढचा काय म्हणतो, वहीत काय टिपलंय, याला किंमत नाही. मागच्याच्या मुठीतला आकडा खरा. तो पटला नाही तर वाद घालत बसायचं नाही, पुन्हा मोजायचं. हा बाबांचा नियम, आणि बाबांना शिकवणाऱ्यांचाही.

आमचा नेहमीचा मागचा माणूस मनगट मोडून घरी बसला होता. दोरखंडाच्या कारखान्यात मालकांची मारामारी झाली, त्यात दगड लागला, असं बाबांनी सांगितलं. मला सुट्टी होती. काका म्हणाले, "दादा, मुंगीला घे की. ती एक अंक इकडचा तिकडे होऊ देणार नाही."

मुंगी म्हणजे मी.

"तिथं लोक शिव्या देतात," आई म्हणाली.

"वहिनी, आपला दादा साखळी गुंतल्यावर जे बोलतो, त्यापुढं त्या शिव्या म्हणजे बाराखडी."

बाबा हसले नाहीत. ते मला म्हणाले, "हात दाखव." मी दाखवले. त्यांनी माझे पंजे उलटेपालटे केले, जसं आपण दुकानात दोरी घेताना बघतो. "बरं," ते म्हणाले.

आठवडाभर मी आमच्या गल्लीत आणि दोन छोट्या कामांवर सराव केला. तिसऱ्या दिवसापासून "ठेवली" ऐकलं की माझा हात आपोआप उघडायला लागला.

२

दोर वळायला लांब, सरळ जागा लागते. त्यामुळे तो कारखाना म्हणजे छप्पर घातलेला बोळच होता. रुंदी जेमतेम सात पावलं, आणि लांबी एवढी की या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाचा माणूस अंगठ्याएवढा दिसावा. आत सात खोल्या, एकीला लागून एक. मधल्या प्रत्येक भिंतीत एक दार, आणि सहाही दारं एका रेषेत, कारण पूर्वी दोर त्यांतून ओढत नेत. भिंतींवर छातीच्या उंचीला लोखंडी हूक. पहिल्या आणि शेवटच्या खोलीला खिडक्या होत्या, आणि शेवटच्या खोलीच्या कोपऱ्यात, त्या रेषेबाहेर, आतून कडी लावलेलं मागचं दार. मधल्या खोल्यांत फक्त फुटक्या कौलांतून येईल तेवढाच उजेड. चौथ्या खोलीत दोर वळायचं मोठं यंत्र होतं, ताडपत्रीखाली झाकलेलं.

मालक दोघं सख्खे भाऊ. थोरला आणि धाकटा. कोर्टानं सांगितलं होतं की लांबीच्या बरोबर मध्यावर भिंत घाला आणि अर्धं अर्धं घ्या. बाकी इमारतीत विकण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे सगळा जीव त्या यंत्रात. मध्य दहा मीटर इकडे सरकला तर ते एकाचं, तिकडे सरकला तर दुसऱ्याचं.

आम्ही पोचलो तेव्हा थोरला पहार घेऊन दारात बसला होता. धाकट्याबरोबर काठ्या घेतलेली दोन माणसं. धाकट्याच्या कुत्र्यानं थोरल्याच्या बुटाचा वास घेतला, तर थोरल्यानं त्याच्या पेकाटात अशी लाथ घातली की ते केकाटत तीन पायांवर पळालं.

"मुक्या जनावरावर कसला राग काढतोस रे?" धाकटा म्हणाला.

"बोलक्यावर पण काढणार आहे. मोजणी होऊ दे."

काका माझ्या कानाशी म्हणाले, "बघ, किती प्रेम. मी आणि तुझा बाप एवढे गोड कधी बोललो नाही."

आधी बाहेरून मोजलं. नऊ साखळ्या आणि सहा मीटर. दोन्ही टोकांच्या भिंतींची जाडी मिळून एक मीटर. म्हणजे आतून नऊ साखळ्या आणि पाच मीटर यायला हवं होतं. कमी-जास्त एक वीत. त्यापलीकडे काही येऊच शकत नाही.

मग बाबा दाराशी दोघा भावांच्या मध्ये उभे राहिले आणि काका आणि मी आत गेलो.

फरशीत सळई रुतत नाही. तिथं खडूची फुली मारायची आणि तिच्यावर सळई आडवी ठेवायची. साखळी फरशीवरून जाताना खळाखळा वाजे, आणि तो आवाज पुढच्या खोल्यांत जाऊन उलटा येई. "ठेवली!" "उचलली!" पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. मी मोजत नव्हते, मोजायचं कामच नसतं. नुसतं उचलत जायचं.

चौथ्या खोलीत ताडपत्रीजवळून "ठेवली!" आलं तेव्हा मला वाटलं, काका आज जवळच थांबलेत. पुढं गेले. सळई होती. मी तिच्याखालची फुली शोधली, कारण मूठ फुलीवर धरायची असते. फुली नव्हती. काका विसरले असतील असं म्हणून मी सळईच्या जागीच मूठ धरली. उचलली तेव्हा ती कोमट लागली.

शेवटच्या खोलीत काका भिंतीला पाठ टेकून उभे होते. "नऊ आणि पाच मीटर," ते म्हणाले. "झाली सुट्टी."

मी हातातल्या सळ्या मोजल्या. दहा होत्या.

काकांच्या हातात एक उरली होती. ते दहा घेऊन निघाले होते.

३

काकूंच्या जुन्या ओढणीतून काकांनीच चिंध्या फाडल्या होत्या. लाल, पांढरे ठिपके. दहा सळ्यांना ठिपक्यांच्या चिंध्या होत्या. अकरावीची चिंधी नुसती लाल होती, ओली, आणि तिचा रंग माझ्या तळव्याला लागला होता. बोट कापल्यावर आपण ते तोंडात घालतो, तसा वास येत होता.

आम्ही पुढच्या दाराशी परत आलो तेव्हा बाबांनी विचारलं, "किती?"

"नऊ," काका म्हणाले.

"तुला नाही विचारलं."

सगळे माझ्याकडे बघत होते. थोरला, धाकटा, काठीवाले. मी म्हणाले, "दहा."

"जुनी सळई पडलेली असेल आत," काका हळूच म्हणाले. "कुणीतरी पूर्वी मोजलं असेल. काय गं?"

असेलही, असं मला म्हणता आलं असतं. तेच शहाणपणाचं होतं. पण प्रत्येक सळईआधी मी "ठेवली" ऐकलं होतं, म्हणजे दहादा. आणि खरं सांगायचं तर, माझ्या एका शब्दावर इतकी माणसं गप्प झाल्याचं मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. मी पुन्हा म्हणाले, "मला दहादा ऐकू आलं."

बाबांचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, रागानं.

"दहा!" थोरला उठला. "म्हणजे मध्य सरकला. यंत्र माझं."

"पोरीला शिकवून आणलीस होय रे?" असं म्हणत धाकटा त्याच्या अंगावर गेला, आणि थोरल्यानं पहार फिरवली. फार जोरात नाही, एखादी फांदी बाजूला करावी तशी. धाकट्याच्या तोंडावर बसली. तो गुडघ्यांवर बसला आणि त्यानं दोन्ही हातांची ओंजळ तोंडाखाली धरली. ओंजळीत तीन दात पडले. त्यातल्या एकाला मुळं होती, मी पाहिली. मग काठीवाले थोरल्यावर तुटून पडले. काठी हाडावर लागते तेव्हा आणि मांसावर लागते तेव्हा वेगवेगळा आवाज होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

बाबा मध्ये घुसले. त्यांच्या खांद्यावर एक काठी बसली. ते ओरडले, "थांबा! पुन्हा मोजतो! तुमच्यासमोर पुन्हा मोजतो!"

मग सगळे थांबले. थोरला भिंतीला धरून उभा राहिला, एक डोळा मिटलेला.

"दादा, सोड ना," काका म्हणाले. "पोर घाबरलीय. नऊ लिही."

बाबांनी एकदा आतल्या दारांकडे बघितलं आणि एकदा पहारीकडे. "मागच्यानं दहा म्हटलंय," ते म्हणाले. "सगळ्यांनी ऐकलंय."

४

काका पुढं निघाले तेव्हा शीळ घालत होते. पहिल्या दाराशी वळून म्हणाले, "मुंगे, या वेळी अकरा मोजलेस तर वाढलेल्या खोलीचं भाडं तुझ्याकडून घेणार."

पहिल्या तीन साखळ्या बरोबर झाल्या. चौथी सळई काकांनी चौथ्या खोलीच्या दाराच्या अलीकडे, उंबऱ्यापासून पाऊलभर अंतरावर ठेवली. मी तिथं पोचले. फुली होती. मी फुलीवर मूठ धरली. काका ताडपत्रीच्या बाजूनं अंधारात गेले. साखळी सरकत राहिली, मग ताणली. मी वाट बघत राहिले.

"ठेवली" येईना.

"काका?"

साखळी माझ्या हातात ताठ होती. थोडी थरथरत होती, पतंगाची दोरी थरथरते तशी.

मग मला काका दिसले. खोलीच्या पलीकडच्या दाराच्याही पुढं, पाचव्या खोलीत, कौलातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात ते उभे होते. वीस मीटरच्या साखळीला तिथं पोचताच आलं नसतं. त्यांनी माझ्याकडे बघून दोन्ही हात वर केले. रिकामे होते.

"हातातून सुटली गं," ते ओरडले. "कशाततरी अडकलीय. तू धरून ठेव, मी सोडवतो."

माझ्या हातात ती अडकल्यासारखी लागत नव्हती. कुणीतरी ओढतं, थांबतं, पुन्हा ओढतं, तशी लागत होती. मला हे सांगायचं होतं. माझा आवाज निम्म्या वाटेत बसला.

काका पलीकडच्या दारातून आत आले. उजेडातून अंधारात. तीन-चार पावलं ऐकू आली. मग पोतं आपटल्यासारखा आवाज झाला, पुन्हा एकदा झाला, आणि काही ओलं फाटल्यासारखं. ताडपत्री एकदम फुगली आणि बसली. साखळीला असा हिसका बसला की मी गुडघ्यांवर आले. मूठ तळव्यात रुतली आणि कातडी निघाली.

"धर!" काका किंचाळले. तो त्यांचा आवाज होता, पण माणसाचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "मुंगे, धर! सोडू नको!"

मी दोन्ही पाय उंबऱ्याला लावले आणि धरून राहिले. साखळीतून मला ते कळत होते. एक हात, मग दुसरा हात, मग पुन्हा पहिला. ते साखळीला धरून माझ्याकडे येत होते. मधूनच मागं ओढले जायचे, ठोका ऐकू यायचा, मग पुन्हा यायचे. माझ्या कोपरापर्यंत रक्त आलं होतं. मला दुखत नव्हतं.

त्यांची बोटं उजेडात आली. साखळीला वेढलेली चार बोटं, दोन नखं नसलेली. माझ्यापासून तीन हातांवर.

आणि तेवढ्यात, अगदी शांतपणे, काकांच्याच आवाजात, ताडपत्रीमागून आलं, "ठेवली!"

माझा हात उघडला.

मी उघडला नाही. एवढंच मला सांगायचंय. तो उघडला.

साखळी अशी गेली की मुठीचा फटका माझ्या हनुवटीला बसला. बोटं गेली. फरशीवर टाचा आपटत गेल्याचा आवाज दूर दूर जात राहिला, त्या खोलीत मावणार नाही इतका दूर. मी उंबऱ्याच्या आत बघितलं. समोरच्या रेषेत अजून तीन दारं दिसायला हवी होती. मी चार मोजली. चौथ्या दारात कुणीतरी पाठमोरं, कमरेत वाकलेलं, दोर ओढतात तसं एकावर एक हात टाकत साखळी ओढत होतं. घाई नव्हती. मध्येच ते थांबलं, बाजूला वाकलं, आणि फरशीवर सळई ठेवली. आडवी, नीट. बोटानं जरा सरळ केली.

मग माझ्या मागून बाबा धावत आले, मी मागं बघितलं, पुन्हा पुढं बघितलं, तर दारं तीनच होती.

५

चौथ्या खोलीत रक्त सापडलं, काकांचा एक बूट सापडला, ताडपत्रीला एक नख. काका सापडले नाहीत. साखळीही नाही.

पोलिसांनी सरळ हिशेब मांडला. आत सात खोल्या लांब बोळ, मागच्या टोकाला दार, धाकट्याची माणसं काठ्या घेऊन हजर, आधी मारामारी झालेली. धाकट्याच्या माणसांनी मागून येऊन काकांना मारलं आणि उचलून नेलं. मागच्या दाराला आतून कडी होती, हे मी सांगितलं. साहेबांनी ते लिहिलं नाही.

माझा जबाब घेत होते तेव्हा पलीकडच्या खोलीत धाकट्याला मारत होते. भिंत पातळ होती. दात नसल्यामुळे त्याचं ओरडणं लहान मुलासारखं येत होतं. "मी दारात होतो! दारातच होतो!" तो खरं बोलत होता. मी त्याला दारात पाहिलं होतं, ओंजळ धरून बसलेला.

"मुली, तू आत कुणाला पाहिलंस?" साहेबांनी विचारलं.

बाबांनी टेबलाखालून माझा पाय दाबला.

"अंधार होता," मी म्हणाले.

पलीकडे काहीतरी मोडलं.

बाहेर पायऱ्यांवर बाबा म्हणाले, "नऊ. कुणीही विचारलं तरी नऊ. आणि बाकीचं कुणाला सांगायचं नाही."

घरी काकू माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्या रडत नव्हत्या. त्यांनी माझा बांधलेला हात मांडीवर घेतला आणि विचारलं, "शेवटचं काय म्हणाले गं?"

'धर' म्हणाले, असं सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग तू धरलंस का? त्या माझा हात कुरवाळत राहिल्या, आणि मला तो त्यांच्या मांडीवरून उचलून भिंतीवर आपटावासा वाटत होता.

६

काल दुपारी बाबांनी मला माळ्यावर बोलावलं. तिथं त्यांच्या जुन्या वह्या आणि काठ्या असतात. त्यांनी दार लावून घेतलं.

"मनगट दगडानं मोडलं नव्हतं," ते म्हणाले.

मला आधी कळेना कुणाचं.

"आपल्या मागच्या माणसाचं. त्या दिवशी मालक तिथं नव्हतेच. आत तुझा काका आणि तो. साखळीला हिसका बसला. काकाला वाटलं, यंत्रात अडकली. हा मात्र दाराला पाय लावून धरून राहिला, मनगट मोडलं तरी सोडली नाही. बाहेर आला आणि मला म्हणाला, दहा. पुन्हा मी तिथं पाऊल टाकणार नाही, म्हणाला." बाबांनी दाराची कडी पुन्हा तपासली. "त्यानं सोडली नाही, म्हणून तुझा काका त्या दिवशी जेवायला घरी आला."

"तुम्हाला माहीत होतं."

"मला वाटलं, तो प्यायलाय."

"तुम्ही माझे हात बघितलेत!" मी म्हणाले. माझा आवाज कुठंच बसला नाही. "तुम्ही आधी माझे हात बघितलेत!"

कोपऱ्यात सळ्यांची जुडी होती. मी ती उचलली आणि त्यांच्या अंगावर फेकली. एक त्यांच्या गालाला लागली, डोळ्याखाली, आणि रक्ताची बारीक रेघ आली. त्यांनी हात वर केला नाही. ती रेघ हनुवटीपर्यंत उतरली तरी पुसली नाही.

"परवा मी एकटा गेलो होतो," ते म्हणाले. "आत नाही. बाहेरून, चौथ्या खोलीच्या भिंतीला कान लावला. तो मोजतोय."

"कोण?"

"तुझा काका. ठराविक वेळानं ठेवली म्हणतो. खूप लांबून. मी एकशे बारापर्यंत ऐकलं."

"ते काका नाहीत, बाबा. ते नुसता आवाज काढतं. मला तसंच फसवलं."

"मुंगे." बाबांनी मला या नावानं कधी हाक मारली नव्हती. "लहानपणापासून तो ओरडायच्या आधी खाकरतो. तू ऐकलं असशील. ज्या ठेवलीनं तू सोडलीस, त्याच्या आधी खाकरणं होतं?"

मी डोळे मिटून ऐकलं. नव्हतं.

"परवा होतं. दर वेळी होतं. शेवटी शेवटी खाकरायलाच जास्त वेळ लागत होता."

नंतर त्यांनी आजचं सांगितलं. चार वाजता कोर्टाचे अधिकारी आमच्या घरी येणार. मागच्यानं स्वतःच्या तोंडानं आकडा सांगायचा आणि सही करायची. नऊ म्हटलं की काम संपलं. उद्या गवंडी येतील, मध्यावर, म्हणजे चौथ्या खोलीत, भिंत घालतील, आणि नऊ साखळ्यांच्या इमारतीत काका असलेली दहावी साखळी मग कुठं शोधणार? दहा म्हटलं तर अधिकाऱ्यांसमोर आजच पुन्हा मोजावं लागेल. पुढचा आता नाही. म्हणजे माळ्यावरची जुनी साखळी घेऊन पुढं बाबा जाणार.

"मला भीती वाटते," बाबा म्हणाले. एवढ्या मोठ्या माणसानं हे म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. "तू नऊ म्हण. कुणाला काही सांगू नकोस. तू नऊ म्हण."

७

आता पावणेचार झालेत. खाली काकू अंगण झाडतायत. काल रात्रभर मी विचार केला आणि माझं ठरलंय.

मी दहा म्हणणार.

आणि बाबा, हे पान मी तुमच्या मोजणीच्या वहीत ठेवतेय, जिथं तुम्ही आजची तारीख घालाल तिथं. तोंडानं सांगायला लागले तर तुम्ही मध्येच अडवाल, म्हणून लिहिलंय. आत जायच्या आधी वाचा. मोजायला लागल्यावर नको.

पुढं मी जाणार. तुमचं वजन जास्त आहे, तुम्ही मागं. मी धरलं असतं तर काका आज घरी असते, पण माझ्याच्यानं झालं नाही, माझा हात शिकवलेला होता. तुमचा तर तीस वर्षं शिकवलेला आहे. म्हणून मूठ हातात धरू नका. मनगटाला बांधा, आणि साखळीचा एक वेढा दाराजवळच्या हुकाला द्या. मनगट मोडलं तर मोडू दे. मी काल तुमच्यावर सळ्या फेकल्या, त्याची माफी मी मागणार नाही. पण तुम्ही धराल हे मला माहीत आहे.

आतून माझ्या आवाजात 'ठेवली' ऐकू येईल. लवकरच येईल. सोडू नका. मी रडताना ऐकू येईन, हात तुटतोय, सोडा, असंही म्हणेन. सोडू नका. काका खाकरून म्हणतील, तरी नाही, कारण आता त्यानं तेही ऐकून ठेवलं असेल. काका साखळीला धरतील, मी त्यांच्या मागं असेन, आणि मग तुम्ही ओढायचं. पण उजेडात येणारे आम्हीच आहोत की नाही हे तुम्हाला कळायला हवं. त्यासाठी मी एक शब्द ठरवलाय. तो मी अजून कुणासमोर उच्चारलेला नाही, आत तर नाहीच, त्यामुळे तो त्याला माहीत असणं शक्य नाही. तो ऐकल्याशिवाय ओढू नका, कुणीही आलं तरी, माझा चेहरा दिसला तरी.

गाडी थांबली. बाबा जिन्यातून हाक मारतायत, साहेब आले, चल, लगेच ये. काकूंनाही कुणीतरी आत बोलावलं. हो, आले बाबा, एकच ओळ राहिलीय. तो शब्द लक्षात ठेवायला सोपा आहे. उजेडात यायच्या आधी, उंबऱ्यापाशी थांबून, मी मोठ्यानं म्हणेन